रावेरच्या मळ्यात क्वाक

परदेशातून येताना एका माणसाला दोन लिटरपर्यंत दारू करमाफ आणता येते. ३३० मिलीच्या बिअरच्या सहा बाटल्या म्हणजे १९८० मिली. भाच्याने हा हिशेब तिकडे बसूनच केला, बाटल्या मोज्यांत गुंडाळल्या आणि बॅगेतली उरलेली जागा एका काचेच्या ग्लासाला नि त्याच्या लाकडी स्टँडला दिली. माझ्या बहिणीच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, वाट्याला चॉकलेटचा एक डबा आला. तिने त्यावर काय ते सुनावलंच.

भाचा बेल्जियममध्ये, लुव्हेनच्या विद्यापीठात, केळीवर पीएचडी करतोय. रावेर तालुक्यातलं पोरगं केळी शिकायला विलायतेला गेलं म्हणून गावात बरीच मजा झाली. पण तिथे जगभरातल्या केळीचे पंधराशेच्या वर वाण नळ्यांमध्ये जपून ठेवलेत, एवढा मोठा संग्रह दुसरीकडे कुठे नाही. आम्ही बसराई, श्रीमंती आणि ग्रँड नैन एवढ्यातच पिढ्या काढल्या.

तर बिअर. नाव क्वाक. बुगनहाउट नावाच्या गावातल्या बोस्टील्स ब्रुअरीची, ८.४ टक्के अल्कोहोलची. आपल्या दुकानातली स्ट्राँग ८ टक्क्यांच्या आत असते, आणि ती प्यायची आपली रीत सगळ्यांना ठाऊक आहे: बर्फासारखी गार करायची आणि चव लागायच्या आत संपवायची. क्वाक तशी प्यायली तर पैसे वाया. ती जेमतेम गार लागते. आम्ही मळ्यात भरीत पार्टीला बसलो होतो, पौषाची थंडी, सातपुड्याकडून वारा. बाटल्या पाटाच्या पाण्यात अर्धा तास ठेवल्या, काम झालं.

ग्लास मात्र बघण्यासारखा. वर पसरट तोंड, मध्ये बारीक कंबर, खाली गोल फुगा. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या चंबूचा चुलतभाऊ. बूड गोल, त्यामुळे टेबलावर उभाच राहत नाही. म्हणून तो लाकडी चौकटीत अडकवतात आणि चौकटीची मूठ धरून पितात. सांगतात ते असं: १७९१ साली डेंडरमोंडे गावात पॉवेल क्वाक नावाचा खाणावळवाला होता, स्वतःची बिअर गाळायचा. घोडागाडीवाल्यांना गाडी सोडून आत येता येत नसे, घोडे आणि टपाल सांभाळायचं असे. त्यांच्यासाठी त्याने गाडीला अडकवता येईल असा ग्लास करून घेतला.

गोष्ट झकास आहे. मी केळीच्या गाड्या भरून देणारा माणूस, सावद्याहून दिल्लीकडे निघालेला ड्रायव्हर गाडी सोडून उतरायला किती कां-कूं करतो ते रोज बघतो, त्यामुळे ती मला पटकन पटली. पण भाच्याने लगेच सांगितलं, की ही बिअर बाजारात आली १९८० च्या दशकात, आणि बोस्टील्सचं स्थापनेचं सालही नेमकं १७९१. म्हणजे खाणावळवाला खरा किती आणि धंद्याची हुशारी किती, ते ज्याने त्याने ठरवावं. माझं मत हुशारीकडे. सात पिढ्या चाललेली ही ब्रुअरी २०१६ मध्ये एबी इनबेव्ह या जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीने घेतली. गोष्टीलाही त्यात काही किंमत आली असणारच.

ओतल्यावर रंग गडद, तांब्याचा. फेस जाड, बराच वेळ बसत नाही. मी नाक जवळ नेलं आणि हसायलाच आलं. केळी! पिकलेल्या केळीचा वास, रायपनिंग चेंबरचं दार उघडल्यावर येतो तसला. वाटलं, मळ्याचाच असेल; पण बागेत हिरव्या घडांना कुठला वास? भाचा म्हणाला, "मामा, हे यीस्टचं काम. आयसोअमाइल ॲसिटेट. पिकलेल्या केळ्यात असतं तेच." आयुष्यभर ज्या वासावर पोट भरलं, तो युरोपातल्या जवाच्या दारूत कुणी केळं न घालता काढलाय. मला ही गोष्ट घोडागाडीपेक्षा कितीतरी मोठी वाटली.

चव आधी गोड, जळत्या साखरेची, मग थोडी मसालेदार, आणि गिळल्यावर पोटात ऊब. कडूपणा नावाला. ज्यांना बिअर म्हणजे कडूच पाहिजे, त्यांना ही पाकासारखी गोडमिट्ट वाटेल. आमच्या एका मित्राने एक घोट घेऊन आपली नेहमीची बाटली उघडली. भरिताशी मात्र छान जमली. तुराट्यांवर भाजलेल्या बामणोदच्या वांग्याचा धूर, लाकडी बडगीत ठेचलेली हिरवी मिरची, वर कळण्याची भाकर, आणि मिरचीवर हा गोडवा. शेवभाजीबरोबर नको, तेलाची तर्री आणि ही बिअर एकमेकींना मारतात.

पिताना एक मेख आहे. वरचं निम्मं सरळ येतं. उरलेलं खालच्या फुग्यात अडकतं, ग्लास आणखी तिरका केला की कमरेतून हवा आत घुसते आणि बिअर एकदम अंगावर येते. दाजींनी आमचं न ऐकता शेवटचा घोट एका झटक्यात घेतला. मिशा, मफलर, स्वेटरची बाही. हळूहळू कलवत गेलं की काही होत नाही, पण तेवढा धीर हवा.

असे ग्लास लोक पळवतात म्हणे. गेंट शहरात ड्युले ग्रीट नावाचा बार आहे, तिथे त्यांच्या मोठ्या ग्लासात, सव्वा लिटरच्या आसपासच्या, बिअर मागितली की अनामत म्हणून पायातला एक बूट घेतात, टोपलीत टाकून दोरीने वर छताला नेतात. ग्लास परत दिला की बूट खाली. आपल्याकडे ही युक्ती चालायची नाही, निम्मे गिऱ्हाईक ग्लास घेऊन अनवाणी जातील, चपलेपेक्षा ग्लास महाग.

स्टँड गावातल्या सुताराला दाखवला. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "सागात करून देतो, पण काच कुठून आणशाल?" भाच्याला सांगून ठेवलंय, पुढच्या खेपेला त्याच ब्रुअरीची ट्रिपल कार्मेलिट आण. ती जव, गहू आणि ओट अशा तीन धान्यांची असते. ग्लास नको, त्या जागेत आईसाठी चॉकलेट.