रजा न घेणारा माणूस

सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. संध्याकाळी कुलूप लावायला शेवटचा. अंगात ताप असला तरी येणार. टेबलावरचं काम दुसऱ्याच्या हाती देणार नाही. बदली नको, बढतीसुद्धा नको. रजा तर नाहीच.

वाचताना तुम्हाला कुणी ना कुणी आठवलंच असेल. मला माझे वडील, अण्णा आठवले. निवृत्तीच्या दिवशी पतसंस्थेने त्यांना दिलेल्या मानपत्रात जवळजवळ हेच शब्द होते आणि ते मानपत्र आमच्या तासगावच्या घरी टीव्हीच्या वर अजून टांगलेलं आहे. फरक इतकाच, की वरची यादी मी नॅशव्हिलच्या एका सभागृहात भल्यामोठ्या पडद्यावर वाचली आणि तिचं शीर्षक होतं, 'या माणसाचे कागद आधी तपासा'.

माझं काम नेमकं काय असतं हे ज्यांना माहीत नाही (म्हणजे आमचं अख्खं घराणं), त्यांच्यासाठी थोडक्यात. मी ओहायोमधल्या एका विमा कंपनीत अंतर्गत अफरातफर शोधते. त्यासाठीचं प्रमाणपत्र टिकवायचं तर दरवर्षी २० तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं, त्यातले २ तास नीतिमत्तेचे. हे प्रमाणपत्र देणारी संस्था म्हणजे असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स. पूर्वी एफबीआयमध्ये असलेल्या जोसेफ वेल्स यांनी १९८८ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनला ती सुरू केली. तिची वार्षिक परिषद जूनमध्ये भरते. गळ्यात बिल्ले अडकवलेले हजारो लोक, सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचे स्टॉल, फुकटच्या पिशव्या आणि मोजे. सगळे एकमेकांशी गोड बोलतात आणि सगळ्यांचा व्यवसाय संशय घेणं हा.

या परिषदेची एक जुनी प्रथा आहे. शिक्षा झालेल्या आर्थिक गुन्हेगाराला व्यासपीठावर बोलावतात. मानधन मात्र देत नाहीत. मला हा प्रकार आधी जरा नाटकीच वाटायचा, पण या वेळी जो बोलला तो एका छोट्या कंपनीचा हिशेबनीस होता आणि त्याचं एक वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. तो म्हणाला, मी तापातही ऑफिसला जायचो ते कामाच्या प्रेमापोटी नव्हे, पोस्टमनला घाबरून. ग्राहकांची तक्रारीची पत्रं त्याच्याआधी दुसऱ्या कुणी फोडली असती तर त्याच दिवशी सगळं बाहेर आलं असतं.

यामागचं गणित आपल्याकडच्या पिग्मीवरून, म्हणजे एजंटाने दुकानोदुकानी फिरून रोज गोळा केलेल्या ठेवींवरून, चटकन कळेल. समजा एजंटाने शिंप्याचे शंभर रुपये खिशात घातले. उद्या किराणावाल्याने दिलेले तो शिंप्याच्या नावावर भरतो, परवा पानपट्टीवाल्याचे किराणावाल्याच्या नावावर. याची टोपी त्याला. हे फिरवत राहायचं तर माणूस रोज जागेवर लागतो. तो चार दिवस आजारी पडला, त्याच्या जागी दुसरा गेला आणि शिंप्याच्या पुस्तकातला आकडा खतावणीशी जुळला नाही, की संपला खेळ. म्हणून सक्तीची रजा. म्हणून सलग रजा. शुक्रवार-सोमवार जोडून घेतलेली नव्हे.

नंतर डिक्सनची गोष्ट झाली. या परिषदांमध्ये ती आपल्याकडच्या सत्यनारायणाच्या कथेसारखी आहे, दरवेळी होतेच, आणि तरी लोक ऐकतात. इलिनॉयमधलं जेमतेम सोळा हजार वस्तीचं गाव. रोनाल्ड रेगन लहानपणी तिथेच राहिले. रीटा क्रंडवेल ही तिथल्या नगरपालिकेचे सगळे हिशेब सांभाळायची. १९९० मध्ये तिने नगरपालिकेचंच वाटेल अशा नावाचं एक खातं बँकेत उघडलं आणि वीसेक वर्षांत ५ कोटी ३७ लाख डॉलर त्यात वळवले. या पैशांतून तिने जातिवंत घोडे पाळले, सुमारे ४००. टपाल तिच्याच हातात. लेखापरीक्षक दरवर्षी सही करून मोकळे. २०११ मध्ये ती लांब रजेवर गेली, तिच्या जागी बसलेल्या क्लार्कने बँकेकडून सगळ्या खात्यांचे उतारे मागवले आणि त्यात एक अनोळखी खातं निघालं. महापौर थेट एफबीआयकडे गेले. मग तपास पुरा होईपर्यंत कित्येक महिने हे दोघं तिच्याशी रोज 'गुड मॉर्निंग' करत राहिले! एप्रिल २०१२ मध्ये अटक, पुढच्या वर्षी १९ वर्षं ७ महिन्यांची शिक्षा.

आपल्याकडचं उदाहरण तिथे कुणी दिलं नाही, पण मला ते दिसत होतं. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेत एकच उपव्यवस्थापक सुमारे सात वर्षं त्याच कामावर होता. तो मे २०१७ मध्ये निवृत्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये नीरव मोदीच्या कंपन्यांची माणसं नेहमीसारखी हमीपत्रं मागायला आली. खुर्चीवरच्या नव्या माणसाने पूर्ण रकमेचं तारण मागितलं. ते म्हणाले, आजवर तर कधी लागलं नाही. त्या एका उत्तरावरून शोध सुरू झाला आणि आकडा तेरा हजार कोटींच्या पुढे गेला. स्विफ्टचे, म्हणजे बँका एकमेकींना पाठवतात ते संदेश बँकेच्या मूळ संगणक प्रणालीला जोडलेलेच नव्हते, हे त्यातलं तांत्रिक कारण. पण उघडकीला आलं ते खुर्चीवरचा माणूस बदलल्यामुळे.

हे सगळं डोक्याला पटत होतं. तरी ती यादी पडद्यावर दाखवणाऱ्या प्रशिक्षकाला मी चहाच्या सुट्टीत गाठलंच. खरं तर मी सकाळपासूनच तापलेली होते. पहिल्या सत्रात टेलिफोनवरून फसवणाऱ्यांचा विषय होता आणि नकाशावर मोठा लाल ठिपका कुठे, तर मीरा रोडवर. २०१६ चं प्रकरण, अमेरिकेच्या करखात्याच्या नावाने धमकावणारी कॉल सेंटर्स. मग ध्वनिफीत लागली, आपल्या उच्चारातलं इंग्रजी घुमलं आणि खोलीत हलकासा हशा. शेजारच्या बाईंनी अगदी प्रेमाने विचारलं, हे तुमच्या घराजवळ का? मी म्हटलं, नाही, पावणेचारशे किलोमीटरवर. ठाणे पोलिसांनी धाडी घालून ती सेंटर्स बंद पाडली, सत्तरेक जणांना पकडलं, हे त्यांच्या पडद्यावर एका ओळीतही नव्हतं. स्वतःच्या गावाला वीस वर्षं लुटणारी रीटा मात्र 'एक व्यक्ती', तिच्यामुळे इलिनॉयवर ठिपका नाही.

तर अशा मनःस्थितीत मी त्या गृहस्थाला अण्णांबद्दल सांगितलं. अण्णा रोखपाल. तिजोरीला दोन किल्ल्या, एक व्यवस्थापकांकडे, एक अण्णांकडे. दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही. ही काळजी तासगावच्या पतसंस्थेत घेतली जात होती, डिक्सनच्या नगरपालिकेत नाही. द्राक्षाच्या हंगामात पैशांची इतकी ये-जा असायची की आत्याच्या लग्नाला कोल्हापूरला गेलेले अण्णा अक्षता पडल्या पडल्या, पंगतीला न बसता परत आले होते. हिशेबात चार रुपये कमी आले तर रात्रीपर्यंत कीर्द चाळत बसायचे. खिशातून घालून मोकळे व्हा ना, असं आई म्हणाली की भडकायचे, कारण खिशातून घातलं तरी ती खोटी नोंदच. आम्हाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या अहवालात १३८ देशांतली अफरातफरीची १,९२१ प्रकरणं आहेत. त्यात गुन्हेगारांचं सर्वांत जास्त आढळलेलं लक्षण म्हणजे कमाईपेक्षा भारी राहणीमान. या कसोटीत लुनावाले अण्णा सपशेल नापास.

प्रशिक्षकाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दोन आठवडे दुसऱ्या कुणी ते काम केलं असतं, तर तुमच्या वडिलांच्या बाजूने कागद बोलले असते. आता फक्त तुम्ही बोलताय."

"दुसरा माणूसच नव्हता तिथे," मी म्हटलं.

"मग तो दोष संस्थेचा. वडिलांचा नाही."

मुद्दा बिनतोड आहे. माझा राग मात्र गेला नाही. ज्या देशात पगारी रजा दिलीच पाहिजे असा केंद्रीय कायदा नाही, जिथे माझ्या बऱ्याच सहकाऱ्यांच्या रजा दरवर्षी तशाच बुडतात, त्यांनी अण्णांना रजेवरून धडा द्यावा? बँकांना मात्र नाजूक जागांवरच्या लोकांना सलग दोन आठवडे बाहेर ठेवा असं इथले नियामक सांगतात. म्हणजे माणसाला विश्रांती हवी म्हणून नव्हे, चोरी सापडावी म्हणून रजा. आणि त्याच अहवालानुसार ४३ टक्के प्रकरणं कुणीतरी खबर दिल्यामुळे उघड होतात, त्यातही निम्म्याहून जास्त खबरी कंपनीच्याच माणसांच्या. शेजारच्या टेबलावरच्याला काहीतरी खटकतं, ते तो सांगतो. आपल्याकडे अशा सांगणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संमत झाला आणि अजून अमलात आलेला नाही. इथे मात्र मला आपली बाजू घेता येत नाही.

सक्तीच्या रजेचा मला वैयक्तिक फायदा आहे, तेही सांगून टाकते. आमच्या कंपनीत तपास विभागाला हाच नियम लागू आहे. त्या दिवसांत लॅपटॉप कपाटात, लॉगिन बंद. मी ती रजा गौरी-गणपतीला जोडते. "कंपनी हाकलते तेव्हा येतेस," असं आई म्हणते. तिला कुठून कळणार, की इतक्या लांब राहून दरवर्षी सलग घरी येणाऱ्या मुली आमच्या गटात फार नाहीत. भारतातच राहून शनिवार-रविवार धावत येणाऱ्यांपेक्षा माझे तासगावातले दिवस जास्तच भरतील. असो.

अण्णांना मी फोनवर यादी वाचून दाखवली. शीर्षक सांगितलं नाही. ते म्हणाले, "चांगला माणूस दिसतोय, कोण आहे?"

नियम आपल्याकडेही आहे बरं का. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये सुधारित परिपत्रक काढलं. संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा किमान १० कामकाजाचे दिवस, आधी न सांगता, सलग रजेवर पाठवायचं. माझी आतेबहीण पुण्यात एका बँकेच्या ट्रेझरीत आहे. तिला गेल्या पावसाळ्यात ऐन सकाळी साहेबांनी बोलावून सांगितलं, उद्यापासून येऊ नका. तिने गुपचूप डबा परत आणला. तिसऱ्या दिवशी सोसायटीतल्या जोशीकाकू वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने आल्या, बसल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "काही लागलं तर सांग हो. आमच्या ह्यांच्या ओळखीचे एक चांगले वकील आहेत."