यूएनचं मेडल ओळखताना रिबनवर कितपत भरवसा ठेवावा

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं मेडल रिबनशिवाय हातात आलं, तर ते सायप्रसचं, लेबनॉनचं की बोस्नियाचं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. डाग हॅमरशोल्ड सरचिटणीस असताना १९५९मध्ये हे मेडल ठरलं. तेव्हापासून चकती जवळपास सगळ्या मोहिमांना एकच आहे: ब्राँझ, व्यास ३५ मिलिमीटर, पुढे यूएनचं बोधचिन्ह आणि त्यावर ‘यूएन’ ही दोन अक्षरं, मागे ‘इन द सर्व्हिस ऑफ पीस’. मोहीम कोणती ते फक्त रिबन सांगते, आणि रिबन मीटरवर विकत मिळते. खरी अडचण इथेच आहे.

चकतीवरूनच ओळखता येतील अशी ठळक मेडलं दोन. पहिलं कोरियाचं, १९५०मध्ये ठरलेलं. त्यावर ‘कोरिया’ असा क्लास्प (रिबनवरची नाव कोरलेली धातूची पट्टी) कायमचा जोडलेला असतो आणि रिबनवर निळे-पांढरे मिळून १७ पट्टे असतात, निळे ९ आणि पांढरे ८. मागचा मजकूर देशागणिक वेगवेगळ्या भाषांत आहे: इंग्रजी, फ्रेंच, तुर्की, ग्रीक, थाई, अम्हारिक वगैरे. भारताची ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स कोरियात होती, पण भारतीय मेडलांच्या ओळीत तुर्की मजकुराचं कोरिया मेडल दिसलं तर ती ओळ दुकानात जुळवलेली आहे असं खुशाल समजावं.

दुसरं गाझा-सिनाईचं. १९५६ ते १९६७ या काळातल्या यूएनच्या पहिल्या आणीबाणी दलाच्या (यूएनईएफ) मेडलवर ‘यूएन’ऐवजी ‘यूएनईएफ’ अशी चार अक्षरं आहेत. रिबन वाळूच्या रंगाची, मध्ये फिकट निळा पट्टा, कडेला बारीक गडद निळ्या आणि हिरव्या रेघा. १९७३मध्ये त्याच भागात दुसरं आणीबाणी दल गेलं, त्याला मात्र नेहमीचीच ‘यूएन’ चकती मिळाली. त्याच्याही रिबनवर वाळूचा रंग असल्यामुळे गोंधळ होतो. नियम सोपा आहे: पहिल्या दलाची रिबन ‘यूएन’ चकतीवर दिसली, की कुणीतरी दोन मेडलांचं एक केलं आहे.

आता रिबन. पूर्ण फिकट निळी, एकही पट्टा नाही, म्हणजे न्यूयॉर्क मुख्यालयातली सेवा. फिकट निळ्यावर दोन्ही कडांजवळ एकेक बारीक पांढरी रेघ, ही पॅलेस्टाइनमधल्या निरीक्षकांची. पण हीच रिबन १९५८च्या लेबनॉन निरीक्षक गटालाही होती, आणि काँगोतल्या सैनिकांनाही सुरुवातीला हीच रिबन ‘काँगो’ क्लास्प लावून दिली गेली. काँगोची स्वतःची रिबन नंतर आली: मध्ये रुंद हिरवा, दोन्हीकडे बारीक पांढरा, कडांना निळा. म्हणून काँगोचं मेडल दोन रूपांत सापडतं आणि दोन्ही खरी आहेत. क्लास्पवालं विक्रेत्यांना जास्त भावतं. साहजिकच सुटे क्लास्प जोडून ते ‘तयार’ही होतं. नाटोच्या माजी युगोस्लाव्हिया मेडलच्या रिबनवरही कडांजवळ दोन पांढऱ्या रेघा आहेत, फक्त तिथला निळा गडद आहे. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोवरून या दोन रिबनी वेगळ्या सांगायचा प्रयत्नच करू नये.

सायप्रसची रिबन लक्षात राहायला सोपी: निळा, पांढरा, निळा असे तीन सारखे पट्टे, आणि पट्टे जिथे भेटतात तिथे बारीक गडद निळ्या रेघा. युगोस्लाव्हियातल्या यूएन दलाची मात्र दोन्हीकडे सारखी नाही. मध्ये पांढऱ्या किनारीचा लाल पट्टा, बाजूला निळा, आणि एक कड हिरवी तर दुसरी तपकिरी. समोरून पाहताना हिरवी डावीकडे यायला हवी. उलट लावली असेल तर रिबन निदान एकदा बदलली गेली आहे. या दलाचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार मराठा लाइट इन्फंट्रीचे, त्यामुळे आपल्याकडे या मेडलबद्दल कुतूहल जास्त.

रिबन मुळातली आहे का हे बघायला आतल्या घडीतून एकच धागा काढून जाळावा. वितळून टणक गोळी झाली तर पॉलिस्टर किंवा नायलॉन, कागदासारखा जळला तर सूत किंवा रेयॉन. १९६०च्या काँगो मेडलवर चकचकीत पॉलिस्टर असेल तर ती बदललेली रिबन, एवढंच म्हणावं. मेडल खोटं असं लगेच म्हणू नये, कारण मळलेल्या रिबनी सैनिक स्वतःही बदलत. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चवर फार विसंबू नका. डिटर्जंटमध्ये धुतलेली अस्सल रिबनही चमकते.

चकत्या अनेक कारखान्यांनी बनवल्या, म्हणून जाडी आणि रंग कमी-जास्त असणं हा दोष नाही. बघायचं ते १० पट भिंगातून: बोधचिन्हातली पाच वर्तुळं सुटी दिसतात का, ऑलिव्हची पानं एकमेकांत मिसळली आहेत का. साच्यात ओतलेल्या नकलेत रेषा बोथट होतात, पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात आणि कडेवर कानस मारल्याच्या खुणा राहतात.

यूएनची मेडलं साधारणपणे बिननावाचीच दिली जातात. कोरियाची काही, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियाची, नावासह आहेत. म्हणून सुट्या मेडलला ‘अमुक वीराचं’ म्हणून जास्त पैसे मोजणं मला शहाणपणाचं वाटत नाही. एकाच भारतीय सैनिकाच्या मेडलांच्या गटात आधार मिळतो तो शेजारच्या मेडलांचा. विदेश सेवा मेडलवर देवनागरी क्लास्प असतो आणि कडेवर नंबर, हुद्दा, नाव ठोकलेलं असतं. ते नाव गटातल्या इतर भारतीय मेडलांच्या कडांवर जुळलं पाहिजे. शिवाय यूएनचं मेडल भारतीय मेडलांनंतर, म्हणजे समोरून पाहताना उजव्या टोकाला येतं. मधेच घुसलेलं दिसलं तर विचारावं. रिबनवरचा छोटा धातूचा आकडा त्याच मोहिमेतली पुढची सेवा दाखवतो. तो सुटा विकत मिळतो, त्यामुळे त्याची वेगळी किंमत देऊ नये.

एक फसवणूक मात्र ओळखायला अगदी सोपी आहे. सेवेत प्राण गमावलेल्यांसाठीचं डाग हॅमरशोल्ड मेडल काचेचं, अंड्याच्या आकाराचं असतं आणि त्यावर नाव व मृत्यूची तारीख कोरलेली असते. रिबनला लटकवलेलं ब्राँझचं ‘हॅमरशोल्ड मेडल’ कुणी पुढे केलं तर नमस्कार करून निघावं.

जपणूक: ब्रासो लावू नका, घासलेल्या बोधचिन्हाची रेघ परत येत नाही. मऊ पीव्हीसीची पाकिटं तर नकोतच. कोकण-मुंबईच्या दमट हवेत त्यांतून निघणारं आम्ल ब्राँझवर हिरवट चिकट थर धरतं. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं आणि डब्यात सिलिका जेल ठेवावं, आणि रंग पालटला की जेल तापवून पुन्हा वापरावं. चिकट थर अ‍ॅसिटोनने निघतो, पण आधी रिबन काढून ठेवा. ती अ‍ॅसिटेटची असेल तर विरघळेल.