तुम्ही विचारलंत म्हणून: गोरखचिंच आपली की परकी?

गोरखचिंच म्हणजे बाओबाब, जाडजूड बुंध्याचं झाड. मी सोलापुरात वनस्पतीशास्त्र शिकवते. व्याख्यान कुठलंही असो, शेवटी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, एका वाक्यात सांगा, गोरखचिंच आपली की परकी?" लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारून झालंय. एका वाक्यात मावत नाही, म्हणून लिहिते.

डीएनए जे सांगतो त्याबद्दल मी ठाम आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आफ्रिका, भारत, मस्कारीन बेटं (हिंदी महासागरातली मॉरिशस आणि आसपासची बेटं) आणि मलेशियातल्या झाडांच्या डीएनएमधल्या १० जागा ताडून पाहिल्या. भारतातल्या झाडांचं सर्वांत जवळचं नातं निघालं ते पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासा ते दार-ए-सलाम या किनाऱ्यावरच्या झाडांशी. ती आली एकदाच नव्हे, वेगवेगळ्या काळात, माणसांबरोबर समुद्रावरून. कुणाला वाईट वाटतं म्हणून मी हे बदलणार नाही. गोरखनाथांनी याच झाडाखाली शिष्यांना शिकवलं असं मानणाऱ्यांशी माझं भांडणही नाही.

विजयपूर रस्त्यापासून आत एका गावात चौघांच्या कवेत न मावणारी गोरखचिंच होती. रुंदीकरणात ती जाणार म्हणून गावकऱ्यांबरोबर मीही अर्ज घेऊन एका कार्यालयात गेले. साहेबांनी अर्ज वाचला आणि मोबाइलवर माझ्याच भाषणाची बातमी काढून दाखवली. "आफ्रिकेचं झाड आहे असं तुम्हीच म्हणालात ना? मग ह्याच्यासाठी एवढा आटापिटा कशाला? बदल्यात कडुलिंब लावू की." बरोबरच्या आजी दर श्रावणात तिथे दिवा लावायच्या. साहेबांना त्या काहीच बोलल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, तुम्हीच असं सांगितलं व्हय?"

ऐन आषाढात झाड पाडलं. मी गेले होते. लाकूड कसलं, भिजलेला काथ्याच तो. करवतीच्या दातांत तंतू गुंतायचे, मशीन थांबवून हातानं उपसावे लागायचे. पडलेल्या फांदीवर एकेका देठाला पाच-पाच कोवळी पानं होती. सवयीनं मी ती खुडून डीएनए तपासणीसाठी सिलिका जेलच्या, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या, पिशवीत भरली. आजी बघत होत्या.

पुरावा सांगणं हे तुझं काम, पुढे त्याचं कोण काय करेल याच्या भीतीनं गप्प बसायचं नाही, असं मी पूर्वी स्वतःला बजावायची. ते मला आजही पटतं. आणि तरीही त्या आजींना काय उत्तर द्यायचं, ते सापडत नाही. कारण त्याच अभ्यासात पश्चिम आणि मध्य भारतातल्या झाडांचा गट आफ्रिकेतल्या गटांपासून वेगळा पडलाय. भारतातल्या झाडांत जनुकांची काही रूपं तर अशी मिळाली, जी तपासलेल्या आफ्रिकी झाडांत नव्हती. पाडलेल्या झाडात तसं काही होतं का? पिशवी माझ्या कपाटात आहे, तपासणीला पैसे नाहीत. आणि परकेपणच मोजायचं तर २०२४ मध्ये बाओबाबच्या आठही जातींचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचल्यावर त्यांच्या वंशाचा उगम मादागास्करात निघाला. म्हणजे आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरही हे झाड समुद्र ओलांडूनच आलं. मग तिथली झाडंही पाडायची का?

तुमच्या गावात गोरखचिंच असेल तर पावसाळ्यात कळवा, उन्हाळ्यात पानं नसतात. नमुना घेईन, आणि तिथे दिवा कोण लावतं तेही वहीत लिहीन. ती रस्त्याच्या आड येत असेल तर कार्यालयात काय बोलायचं, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.