कंडोमचा हिशोब जुळला, तरी ती पॉझिटिव्ह

मी टीआय प्रोजेक्टवर, म्हणजे जास्त धोका असलेल्यांमध्ये एचआयव्ही रोखायच्या प्रकल्पावर, काउन्सेलर आहे, वस्तीतल्या धंदा करणाऱ्या बायकांसोबत काम. त्या दिवशी ऑफिसात इव्हॅल्युएशन होतं. बाहेर तपासणीला आलेले सर कंडोमचं स्टॉक रजिस्टर आणि पिअरच्या, म्हणजे बायकांमधल्याच कंडोम वाटणाऱ्या कार्यकर्तीच्या, शीट ताडून बघत होते, आत मी एका ताईंची सहामाही एचआयव्ही टेस्ट करत होते. बोटातलं रक्त किटवर टाकलं आणि दुसरी रेघ आली. पुढे आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात, तीन टेस्ट होऊन कन्फर्म झालं. आधीची टेस्ट निगेटिव्ह होती, म्हणजे लागण बहुतेक आमच्याकडे नाव असतानाच झालेली.

आणि शीट चोख. आठवड्याला गिऱ्हाइकं किती, त्यावरून कंडोम किती लागणार, त्यातले किती दिले, सगळं जुळतंय. आमच्या पिअरला लिहिता-वाचता येत नाही, ती चित्रांच्या शीटवर खुणा करते, पण एक खूण इकडची तिकडे होत नाही, तिच्याइतकं प्रामाणिक काम ऑफिसात कुणाचं नाही.

ताई म्हणाल्या, "मॅडम, गिऱ्हाइकाला निरोधाशिवाय हात लावू देत नाही. पण घरच्या माणसाला कसं सांगू? तो म्हणेल, मी काय गिऱ्हाईक आहे?"

हा माणूस शीटवर कुठेच नाही, तिथे फक्त वाटप मोजतात, कुणासोबत वापरलं नाही ते मोजायला रकानाच नाही.

मोठ्या संशोधनातही हेच झालंय. 2009 ते 2012 मध्ये आफ्रिकेतल्या तीन देशांत व्हॉइस नावाची ट्रायल झाली, जवळपास पाच हजार बायका. एचआयव्ही होऊ नये म्हणून दिलेली रोजची गोळी किंवा जेल घेतो असं बायकांनी सांगितलं, परत आलेल्या गोळ्या मोजल्या तेव्हाही वापर 90 टक्क्यांच्या आसपास दिसला, आणि रक्त तपासलं तर तिसऱ्या हिश्शाहून कमी नमुन्यांत औषध. त्यामुळे उपाय कुचकामी होता की तो घेतलाच गेला नाही, हे नुसत्या निकालावरून कळेना. त्यांच्याकडे निदान रक्त तपासायची सोय होती. आम्ही काय तपासणार?

सरांना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण फॉरमॅटमध्ये बसत नाही म्हणाले. मला त्यांचा नाही, फॉरमॅटचा राग येतो, वर्षानुवर्षं बायका हेच सांगतायत.

ताईंचं एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू झालंय. त्या माणसाची टेस्ट अजून नाही. कळलं तर मारेल अशी त्यांना भीती आहे, आणि अशी भीती असेल तर आम्ही जोडीदाराला सांगायचं नाही असं 2017 च्या एचआयव्ही कायद्यातच आहे, ते बरोबरही आहे. आता दर भेटीत मी घरच्या माणसाबद्दल वेगळं विचारते आणि रजिस्टरच्या शेऱ्यात लिहिते. मंथली रिपोर्टमध्ये ते कुणी मागत नाही.