वगळलेली दोन पानं

एका संशोधिकेच्या पेटंट अर्जासाठी आज बैठक होती. चांगली झाली, असंच सगळे म्हणतील. माझ्या डोक्यातून मात्र तिने उलटलेली ती दोन पानं जात नाहीयेत.

ती तिचं उपकरण समजावून सांगत होती. (ते काय आहे हे इथेही लिहीत नाही, अर्ज दाखल होण्याआधी उघड झालं तर नावीन्यच धोक्यात येतं. प्रकाशाच्या व्यतिकरणावर, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींत मिसळण्यावर चालतं, एवढं पुरे.) आकृत्या झाल्या, मापनं झाली, मग समीकरणं आली. ती तिने पटकन उलटली. "हे तुम्हाला लागणार नाही," म्हणाली, अगदी आपुलकीने. माझा वेळ वाचवत होती. मीही मान डोलावली.

लागणार नाही? इतकी वर्षं दुसरं काय लागत होतं मला? रात्ररात्र लेझरचं अलाइनमेंट करत बसायचो, ते याच समीकरणांपायी. भौतिकशास्त्र सोडून पेटंटचे अर्ज लिहायला लागलो, हे सरांना तर अजून नीट सांगितलेलंही नाही. ते आज नको.

कुणी ना कुणी आइन्स्टाइनचं नाव काढतंच. १९०२ ते १९०९ तो बर्नच्या पेटंट कार्यालयात होता, खरं आहे. पण १९०५चे शोधनिबंध त्या नोकरीत असतानाच आले. त्याची वाट भौतिकशास्त्राकडे जात होती, माझी तिथून निघाली. मला चेस्टर कार्लसन जवळचा वाटतो. भौतिकशास्त्राची पदवी, पेटंट विभागात नोकरी, रात्रीच्या वर्गात कायदा. कागदांच्या प्रती काढण्याच्या वैतागातून १९३८ मध्ये त्याने झेरॉक्सची पहिली प्रतिमा उमटवली. त्याच्यासमोरही कुणी अशी पानं उलटली असतील का?

कायद्याने पाहिलं तर तिचं बरोबरच होतं. नुसत्या शास्त्रीय सिद्धान्ताला पेटंट मिळत नाही. त्या क्षेत्रातल्या जाणकाराला वाचून उपकरण बनवता आलं पाहिजे, इतकं सांगावं लागतं. ते का चालतं याचा उलगडा नसला तरी भागतं. नेमकं हेच बोचतं. का चालतं, हे विचारण्यातच तर माझी सगळी घडण झाली.

संध्याकाळी क्लेम लिहायला घेतला, म्हणजे नेमकं कशावर हक्क मागायचा ते सांगणारं वाक्य. फार व्यापक लिहिला तर आधीचं कुणाचं तरी काम आडवं येतं, फार नेमका लिहिला तर प्रतिस्पर्धी एखादा भाग बदलून निसटतो. एका कोनासाठी तिने एकच आकडा दिला होता. तो तसाच घालायला हात धजेना. शेवटी ती दोन पानं उघडली. मध्येच एके ठिकाणी साइन थीटाऐवजी नुसता थीटा धरला होता, लहान कोनासाठी धरतात तसा. म्हणजे उपकरण त्या एका आकड्यावर अडलेलं नव्हतंच! ते सन्निकटन जिथवर टिकतं तिथवर ते चालायला हवं. तिच्या पेटंटची हद्द त्या पानांतच होती, आणि ती वाचता येणं हे माझं काम आहे. हे काम मला आवडतं. सकाळचं दुखणं गेलं असं नाही, पण त्याला आता बसायला जागा मिळाली.

तिला लिहिलं, कोनाच्या पल्ल्याच्या दोन्ही टोकांना मापन करून द्याल का, म्हणजे क्लेमला वर्णनात आधार राहील. लगेच उत्तर आलं: "देते. पण साइनचं पुढचं, तिसऱ्या घाताचं पद धरून पाहिलंत का?"

नाही पाहिलं. उद्या क्लेमच्या आधी तेच करणार.