दिवाडी बेटावर : म्हादेई आणि तारिणी जिथे बांधल्या

जुन्या गोव्यात से कॅथेड्रलकडून नदीच्या दिशेने उतरायचं, व्हाइसरॉयच्या कमानीखालून पुढे गेलं की मांडवीचा धक्का येतो. तिथली फेरीबोट काही मिनिटांत दिवाडीला सोडते. खाजन शेती (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं), खारफुटी आणि टेकडीवरचं पिएदादचं चर्च पाहायला लोक इथे येतात. आम्हाला ओढ होती ती ॲक्वेरियस शिपयार्डची. नौदलाची ‘म्हादेई’ (२००९) आणि ‘तारिणी’ (२०१७) या दोन्ही शिडाच्या बोटी याच बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात तयार झाल्या. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी सागरपरिक्रमेची, म्हणजे शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणेची, कल्पना लावून धरली, नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये म्हादेईतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. आराखडा मात्र हॉलंडच्या व्हान द स्टाट यांचा, ‘टोंगा ५६’ : ५६ फूट लांबी.

या बोटींना ढोबळपणे फायबरच्या म्हणतात, पण किनाऱ्यावर दिसणाऱ्या मासेमारीच्या फायबर होडीशी त्यांची बांधणी जुळत नाही. होडी साच्यात बनते. साच्याला आतून मेण लावायचं, त्यावर साधारण अर्धा मिलिमीटर जेलकोट (होडीचा बाहेरचा गुळगुळीत थर), मग मॅट (काचतंतूंची चटई) आणि पॉलिएस्टर रेझिन या घट्ट होणाऱ्या द्रवाचे थर. जेलकोट पातळ राहिला किंवा नीट धरण्याआधीच वरचा थर चढवला, तर रेझिनमधलं स्टायरीन हे रसायन जेलकोटला खातं आणि पृष्ठभागाला मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडतात. एका साच्यातून अनेक होड्या निघतात म्हणून साच्याचा खर्च परवडतो. एक-दोनच बोटी बांधायच्या असतील, तर ५६ फुटी साचा म्हणजे जवळपास दुसरी बोटच बांधणं झालं.

म्हणून इथे गाभा लाकडाचा आहे. अशा कामात आराखड्याप्रमाणे बोटीच्या आडव्या छेदांच्या आकारात कापलेल्या फळ्या जमिनीवर ओळीने उभ्या करतात आणि त्यांच्यावर रेड सिडारच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना इपॉक्सीने (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनने) चिकटवत नेतात. सिडार सागाच्या जेमतेम निम्म्या वजनाचं. मग आतून-बाहेरून काचेचं कापड आणि इपॉक्सी. लाकूड लांबीच्या दिशेने भक्कम असतं, आडवं फाटतं. त्यामुळे कापडाचे धागे पट्ट्यांना तिरके, ४५ अंशांत टाकतात. आमच्या मते थोड्या बोटींसाठी याहून शहाणी पद्धत नाही.

खरी लढाई दमटपणाशी. लाकडातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, आणि मांडवीकाठच्या हवेत तो तिथे टिकवणं हेच मोठं काम. इपॉक्सी सुकताना दमट हवेत वर तेलकट पापुद्रा धरते. तो आधी स्वच्छ पाण्याने, खरबरीत पॅडने घासून धुवायचा आणि मगच पॉलिश पेपर मारायचा. उलट क्रमाने केलं तर पापुद्रा पृष्ठभागातच चोळला जातो आणि पुढचा थर सुटतो. पहिला थर बोटाला चिकट लागतोय तोवर दुसरा टाकला, तर धुण्या-घासण्याचीही गरज उरत नाही.

उघड्या लाकडावरचा पहिला हात दुपार उतरल्यावर द्यावा. सकाळी दिला तर लाकूड तापत जातं, आतली हवा फुगून बाहेर येते आणि लेपात बुडबुडे राहतात. संध्याकाळी गार होणारं लाकूड रेझिन आत ओढतं. दव पडायच्या आत मात्र काम संपायला हवं.

मिश्रणातही फरक आहे. पॉलिएस्टरला हार्डनर (रेझिन घट्ट करणारा घटक) १ ते २ टक्के, हवामान पाहून कमी-जास्त करता येतो. इपॉक्सीत प्रमाण ठरलेलं. डब्यावर रेझिन आणि हार्डनर ५ : १ लिहिलं असेल तर ५ : १. घाई आहे म्हणून हार्डनर वाढवला, तर लेप कायमचा मऊ राहतो. गोव्याच्या उकाड्यात मंद हार्डनर घ्यावा आणि मिश्रण पसरट ट्रेमध्ये ओतावं, कारण उभ्या डब्यात उष्णता साठून ते धुरावतं. हाताने काम करताना कापडाच्या वजनाएवढंच रेझिन पुरतं. जास्तीच्या रेझिनने ताकद वाढत नाही, फक्त वजन वाढतं.

डेकवर विंच (दोर ओढायचा रहाट), क्लीट (दोर बांधायचा खुंटा) बसवताना होणारी चूक वर्षांनी उघडी पडते. सरळ भोक पाडून बोल्ट आवळला, की भोक बुजवणारं सीलंट थकल्यावर पाणी गाभ्यात शिरतं आणि लाकूड कुजतं. भोक मोठं पाडायचं, घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरायचं आणि सुकल्यावर त्यातून बोल्टच्या मापाचं भोक पाडायचं. खालून रुंद पट्टी हवी, नाहीतर ताण बोल्टच्या डोक्याएवढ्या जागेवर येतो. डोलकाठीच्या तारा ज्या पट्ट्यांना अडकतात त्यांचा भार मात्र डेकवर सोडत नाहीत. आतल्या आडव्या भिंतींमधून तो बोटीच्या अंगात उतरवतात.

हे सगळं चोख असलं तरी दक्षिण महासागरातून आल्यावर यंत्रणा थकतेच. नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांच्या पहिल्या नाविका सागर परिक्रमेत तारिणीला २०१८ मध्ये मॉरिशसच्या पोर्ट लुईला ठरलेलं नसताना थांबावं लागलं, ते सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्यामुळे. बोटीचं अंग शाबूत होतं. म्हणून लांबच्या सफरीची बोट पाहताना आम्ही आधी मागचं झाकण उघडतो : सुकाणूच्या दांड्यापर्यंत हात आणि पाना पोचतो का, आणि आपत्कालीन टिलर (सुकाणू हाताने फिरवायचा दांडा) सुकाणूच्या दांड्यावर खरोखर बसतो का, की नुसता खणात पडून आहे.