रंग आधी, धोरण नंतर
आज सुट्टी होती, म्हणून अमेरिकी निवडणुकांच्या जुन्या बातम्या काढून बसले. २००८ च्या बातम्यांत ओबामा कायम 'कृष्णवर्णीय उमेदवार', समोरचे मॅकेन मात्र नुसतेच 'सिनेटर'. गोऱ्या माणसाला जणू वंशच नसतो!

सगळ्यात गंमत वाटली ती टॉम ब्रॅडली या कृष्णवर्णीय उमेदवाराची. १९८२ साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत मतदानपूर्व चाचण्यांमध्ये ते पुढे होते आणि अगदी थोडक्यात हरले. लगेच निष्कर्ष: गोरे मतदार चाचणीत खोटं बोलले. विरोधी पक्षाने जोर लावलेली टपाली मतं, त्याच मतपत्रिकेवरचा पिस्तुलांवर निर्बंध आणणारा प्रस्ताव, ही कारणं अभ्यासकांपुरती उरली. पुढे २००८ मध्ये चर्चेला बसलेल्यांनी तोच 'ब्रॅडली इफेक्ट' पुन्हा उकरून काढला. ओबामा तर जिंकले.

मग २०२४. ३१ जुलैला शिकागोत कृष्णवर्णीय पत्रकारांच्या अधिवेशनात ट्रम्प म्हणाले की कमला हॅरिस अचानक 'कृष्णवर्णीय झाल्या'. त्यांचे वडील जमैकाचे, शिक्षण कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हॉवर्डमध्ये, हे काही गुपित नव्हतं. तरी त्यावर चर्चासत्रं रंगली. आपल्या वाहिन्यांनीही आजोळचं तमिळनाडूतलं गाव गाठलंच की.

वंशाचा उल्लेखच नको, असं मी म्हणणार नाही. ओबामांनी स्वतः १८ मार्च २००८ ला फिलाडेल्फियात त्यावरच अख्खं भाषण केलं. पण हॅरिस यांची घरबांधणीची योजना काय होती, हे शोधायला मला आज बरंच खाली जावं लागलं.